टाकाची बैठक

बाबा फाउंटन पेनाला टाक म्हणत. शाळेत बोरूनंतर त्यांच्या हाती टाक आला आणि टाकानंतर हे पेन. पण वस्तू बदलली म्हणून शब्द बदलावा असं त्यांना कधी वाटलं नाही. ‘माझा टाक कुठं आहे’, ‘टाकात शाई भरून दे’, ‘टाकाला कोणी हात लावू नका’ ही आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घराची रोजची वाक्यं होती. मीही तोच शब्द उचलला, आणि रायपुरात वाढलेल्या माझ्या मुलीला तर आपल्या आजोबांचं पेन सोडून दुसरा टाक ठाऊकच नव्हता.

दिवाळी होऊन गेल्यानंतरच्या एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून ब्रश पडला. त्यांनी तो उचलायला हात नेला, आणि हात गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हलका झटका आहे, वेळेत आणलंत. महिन्याभरात जीभ सुटली, पाय पूर्वीसारखा पडू लागला. उजवा हात मात्र शालीच्या आत राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की लिहिण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. बाबांनी मान हलवली आणि संध्याकाळी टाक कप्प्यात ठेवून कप्पा लावून घेतला. ती किल्ली फिरल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. कढीला उकळी येत होती. ती उतू जाऊ नये म्हणून मी पळीनं ढवळत राहिले.

एरवी हे कदाचित सोसलं असतं. पण माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या लग्नपत्रिकांवरची नावं बाबांनी लिहायची हा कित्येक वर्षांचा रिवाज होता. रेल्वेच्या नोकरीत असताना ते रजा टाकून हे काम करत. वेलांटी अशी काढत की पाकिटाला बाक यावा. त्यांच्या हातची पहिली पत्रिका कुलदेवीला जाई आणि मग माणसांना. आता घरचीच पत्रिका, आणि बाबा म्हणाले, “नावं छापून घ्या. आजकाल तसंही कोण पाहते?”

“आबा, आप ही लिखोगे, बस,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते.

“तुझी आजी लिहीन. तिचं अक्षर पाहून अर्धे पाहुणे येणार नाही, जेवणाचा खर्च वाचन.”

आई म्हणाली, “माझ्या अक्षराला नावं ठेवायले तोंड बरं चालते तुमचं.” सगळे हसले. मी हसले नाही, कारण आदल्या दुपारी मी दाराच्या फटीतून काही पाहिलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते. टाक दोन गुडघ्यांत धरून डाव्या हातानं टोपण ओढत होते. टोपण निघालं ते झटक्यानं, पेन फरशीवर पडलं, घरंगळत पलंगाखाली गेलं. ते वाकले नाहीत. किती तरी वेळ पलंगाखालच्या अंधाराकडे पाहत बसले.

तेव्हा मला उमगलं की त्यांना अडवतं ते अक्षर नंतर. आधी अडवतं टोपण. टाक जर एका हातानं उपसता आला, टोपण जर जागच्या जागी धरून ठेवणारं काही मेजावर असलं, तर निदान निब कागदापर्यंत पोहोचेल. पुढचं पुढे. मी एक बैठक करायची ठरवलं: खाली जड, हलणार नाही अशी, मधोमध एक गोल पोकळी, पोकळीत टोपण पक्कं बसवलेलं. टाक वरून त्यात घालायचा आणि वरच्या वर ओढून काढायचा. निब वाळणार नाही, पेन घरंगळणार नाही. आणि ती औषधाच्या वस्तूसारखी दिसता कामा नये. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायची ती वस्तू नव्हती, लिहिणाऱ्या माणसाच्या मेजावरची होती. म्हणून ती सुंदर हवी होती.

तेलीबांध्याच्या बाजूला एका सुट्टीच्या वर्गात मी मेणाचं काम शिकले होते. बस्तरकडचे कारागीर करतात तसं मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, त्यावर पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी पितळ येऊन बसतं. मी तलावाकाठची माती आणली, तिच्यात भाताचा कोंडा मळला. मेणात राळ घालून ते उकळलं तेव्हा घरभर मधाचा आणि देवळाच्या गाभाऱ्याचा असा मिसळलेला वास भरला. दोरे काढायला मात्र माझ्याकडे काही नव्हतं.

“माझ्या शेवेच्या सोऱ्यात मेण?” आई दारातच थिजली. “आता लग्नाच्या शेवेले काय मेणबत्तीचा वास येऊ देऊ का?”

“नवा आणून देईन.”

“नव्याले तो हात नाही येत. घाल, घाल. आता घातलंच हायेस.”

कोमट मेण सोऱ्यातून उतरतं ते जिवंत असल्यासारखं. बोटाला चिकटतं, फुंकर घातली की आखडतं, जरा ऊन लागलं की अंग टाकतं. मी बैठकीच्या कडेनं भाताच्या ओंब्या काढल्या. एकेक दाणा चिमटीनं टोकदार केला. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत आलं की मी मेज उचलून सावलीत नेत असे. दाणे वितळतील, ओंब्या वाकतील, पत्रिका छापून येतील, आणि हे सारं व्हायच्या आत तो हात शालीतच कायमचा आखडून जाईल, अशा भीतीच्या किती तरी कड्या एकीत एक अडकून माझ्या मनात वाजत राहत.

ओतकाम करायला मला पुरानी बस्तीतले एक ओतारी सापडले. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आलेले. घरात अजून मराठी होती. त्याचाच मला आनंद झाला. मनातली वस्तू आपल्या भाषेत सांगता येईल, हिंदीत अडखळावं लागणार नाही. मेणाचं काम ओल्या फडक्यात गुंडाळून मी गेले तेव्हा त्यांची भट्टी पेटलेली होती, पंखा घरघरत होता आणि हवेला तापलेल्या पितळेचा आंबूस, जिभेवर येणारा वास होता.

“काय करा लागते ताई?”

“बाबांच्या टाकासाठी बैठक करायची आहे. पितळेची. मेणाचं मी करून आणलंय.”

त्यांनी हात धोतराला पुसले आणि ते काम दोन्ही तळव्यांवर घेतलं. आवाज खाली आला. “कधी झालं हे?”

“दिवाळी झाल्यावर. सकाळी दाढी करत होते.”

“लई त्रास?”

“त्यांना फारसा नाही. आम्हीच हादरलो.”

“असंच असते. मागं राहते त्यालेच जास्त.” त्यांनी ओलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. “घर भरलेलं हाय ना?”

“हो. नातीचं लग्न आहे आता.”

“हव का? मंग लग्नाच्या आधी बसवा लागन.”

“तेच तर. पत्रिका लिहायच्या आधी.”

“समजलं मले.” मग त्यांनी मधल्या पोकळीत बोट घालून पाहिलं. “हे भोक काहून?”

“त्यातच तर टाक उभा राहायचा.”

“असा नाही राहत तो, ताई. हालन.” मागून कोणीतरी हाक मारली, पितळ वितळवायची मूस तयार होती. ते उठले. “तुम्ही ठेवून जा. मी बराबर करतो. काही चिंता नोका करू.”

परत येताना गल्लीतल्या देवळाशी मी क्षणभर उभी राहिले. मी काही न सांगताच एका अनोळखी माणसानं बाबांच्या आजाराची इतक्या हळुवारपणे चौकशी करावी, याचं मला नवल वाटत होतं. किती दिवसांत कोणी ‘चिंता करू नका’ म्हणालं नव्हतं.

दरम्यान पत्रिका आल्या. त्यांचे गठ्ठे बाबांच्या मेजाच्या डाव्या अंगाला ठेवले होते, ताज्या शाईचा आणि अत्तराचा वास त्यांना येत होता. बाबा त्या बाजूला बघत नसत. मुलगी जाता येता एखादं पाकीट त्यांच्यासमोर सरकवी आणि ते वर्तमानपत्र पसरून ते झाकून टाकत. छपाईवाल्याचा निरोप आला की नावांची यादी द्या, चिकटवायच्या पट्ट्या काढून देतो. मी ‘उद्या’ म्हणत राहिले.

ओताऱ्यांनी बैठक दिली ती नव्या लाल कापडात, वर कच्च्या सुताचे वेढे घालून. “सरळ देवाजवळच सोडा,” असं ते म्हणाले. मला वाटलं, शुभकार्याच्या घरची वस्तू म्हणून. मी ती घरी आणली, सगळ्यांना बोलावलं, बाबांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर मेजावर गाठ सोडली.

पितळ सुरेख उतरलं होतं. ओंब्यांचा दाणा न् दाणा उठला होता. पण मधली पोकळी बुजली होती. तिच्या जागी एक सरळ, अरुंद खाच होती, पातळ पत्रा उभा राहील एवढीच. आणि समोरच्या बाजूला, माझ्या दोन ओंब्यांच्या मधे, मी कधीही काढली नव्हती अशी दोन इवली पावलं होती.

आईचा पदराशी गेलेला हात तिथंच राहिला.

मूळ विदर्भातल्या आमच्यासारख्या काही घरांत देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात. ठोकून उठवलेला पातळ पत्रा, त्यावर देवीची मूर्ती, खंडोबाची मूर्ती. आणि घरातलं कोणी गेलं की त्याच्याही नावानं टाक करतात, तो देवांच्या रांगेत बसवतात. आमच्याही देव्हाऱ्यात आहेत. मी रोज त्यांना गंध लावते. लेखणीचा टाक आणि देवाचा टाक हा एकच शब्द आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही माझ्या घरात इतके रोजचे होते की ते एकमेकांच्या शेजारी उभे आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. ओताऱ्यांचा एकेक प्रश्न आता उलटा फिरून माझ्याकडे आला. कधी झालं हे. लई त्रास. मागं राहते त्यालेच जास्त. मी हिंदीत ‘पेन स्टैंड’ म्हणाले असते तर यातलं काहीही घडलं नसतं.

“हे पाय कोणाचे?” बाबांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“त्याले काय सांगितलं होतं तू?” बाबा माझ्याकडे वळले.

“बाबांच्या टाकासाठी बैठक,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच कसातरी लागला.

बाबांनी डाव्या हाताचा अंगठा त्या पावलांवरून फिरवला. “माप चुकलं,” ते म्हणाले. “माझा पाय रुंद हाय.”

मुलीला काही कळेना. “क्या हुआ? सुंदर तो है।” आईनं मात्र ते लाल कापड झडप घालून उचललं, बैठक त्यात कोंबली. “घरात लग्न हाय आणि हे... हे इथं नाही ठेवायचं. आत्ता बाहेर ने.”

“बाहेर काहून?” बाबा म्हणाले. “माझीच वस्तू हाय.” आणि उठून खोलीत गेले. दार लावलं नाही, पण जेवायलाही आले नाहीत.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. खिडकीबाहेर तलावावरचा उजेड उतरत होता, स्कूटरांचे आवाज गल्लीत दाटले होते. मी सांगू लागले की त्या माणसाला ऐकू कमी आलं असेल, पंखा चालू होता, शब्दाचाच घोळ झाला. बाबांनी ऐकून घेतलं.

“शब्दाचा घोळ नाही झाला,” ते म्हणाले. “जिवंत माणसाविषयी लोक एका आवाजात बोलतात, गेलेल्याविषयी दुसऱ्या. त्यानं तुझा आवाज ऐकला. तू काय आवाजात सांगितलं असशीन ते मले इथं बसून ऐकू येते. घरातही त्याच आवाजात बोलून राहिली तू, दिवाळीपासून.”

चहाच्या कपावरची वाफ हलत होती. मला वाटलं होतं मी काळजी घेते आहे. दबक्या पावलांनी खोलीत येणं, वाक्य अर्ध्यावर सोडणं, त्यांच्या देखत हसणं आवरणं, उजव्या हाताकडे न पाहणं, ही सगळी काळजीच आहे असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर जायचा सदरा घालून तयार होते. बटणं आईनं लावली होती, चुकीच्या काजात. “चल,” ते म्हणाले. “त्याले दाखवून येऊ.”

ओतारी भट्टीपाशी उकिडवे बसून साचे फोडत होते. मला पाहून उभे राहिले. “बसवला का ताई?”

“हे माझे बाबा,” मी म्हणाले.

ते बाबांकडे पाहत राहिले. हातातली हातोडी त्यांनी सावकाश खाली ठेवली, जणू तिचा आवाज होणं बरं नव्हे. बाबांनी डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला. “भैया, पेन स्टैंड बनवाना था,” ते स्वच्छ हिंदीत म्हणाले, आणि मग मराठीत, “लेकीनं मले देव्हाऱ्यात बसवलं.”

“अरे बापा.” ओताऱ्यांनी दोन्ही कानांना हात लावले. “साहेब, माफी. मी तर तुमच्या नावानं... मी तर पाण्याचा हात फिरवून ओतलं होतं ते.” त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, उघडून न पाहता. “हे राहू नाही देत मी. आमच्या घरात असं काम मोडूनच टाकतात. तुमच्यासमोर मोडतो, म्हंजे तुमच्या मनात नाही राहायचं.”

“माझ्या मनात नाही,” बाबा म्हणाले. “हिच्या मनात हाय. हिले दाखवा.”

बैठक मुशीत उतरली. निखाऱ्यांत ती आधी काळवंडली, मग लाल झाली, मग तिच्या कडा मऊ पडल्या. इतक्या दुपारी सावलीत जपलेल्या माझ्या ओंब्या एकेक दाण्यानं आत ओघळल्या. पावलं सगळ्यात शेवटी गेली; ती बाकीच्या कामाहून जाड होती. बाबा आगीपासून हातभर अंतरावर, बाकड्यावर, शाल मांडीवर ठेवून बसले होते आणि डोळ्याची पापणी न लववता बघत होते. त्यांना घेरी येईल का, धग सोसेल का, मी हे त्यांना का पाहू देते आहे? मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, आणि पकडलाही नाही.

“आता नवं मेण आणा लागन ताई,” ओतारी म्हणाले. “गेलेलं मेण परत नाही येत. आणि साहेबाले विचारून करा, पोकळी किती, उंची किती. मले पुन्हा मराठीत काही समजावू नका.”

“मराठीतच सांगीन,” बाबा म्हणाले. “पण मी सांगीन.”

घरी आल्यावर सोऱ्या पुन्हा उतरला. या खेपेला बाबा मेजाशी बसले. दांडा फिरवायला दोन हात लागतात. डावा वर, त्याच्याखाली त्यांनी उजवा ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आणून टेकवला. मेण खालून आलं ते कधी सुतासारखं, कधी करंगळीएवढं. मी काही बोलले नाही. मग मला वाटलं, हेच ते न बोलणं. “बाबा, हे फार जाड झालं,” मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि तो नेहमीचा आवाज काढायला मला केवढं बळ लागलं.

“मग तू बारीक कर. तुले बोटं हायेत ना धड.”

आई डोकावली. “ह्या ओंब्या हाय की अळ्या?”

“अळ्याच हाय. तुझ्या तांदळात सापडल्या.”

पोकळी त्यांनी स्वतः मोजून घेतली. त्याच जातीच्या एका मोडक्या पेनाचं टोपण चार वेळा आत घालून पाहिलं. उंची मी ठरवली होती त्याहून कमी हवी म्हणाले, कारण खांदा वर उचलला की हात जास्त थरथरतो. हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

नवी बैठक आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती ओबडधोबड होती, एका बाजूला ओंब्या खरोखर अळ्यांसारख्या होत्या, पण जड होती, मेजावर ठेवली की हलत नव्हती. टोपण आत पक्कं बसवलं, त्यात टाक उभा केला. बाबांनी उजवा हात शालीतून काढला. तो आजारातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता, फिकट आणि सुरकुतलेला. मूठ वळली. टाक निघाला.

कुलदेवीची पत्रिका मी समोर ठेवली. निब कागदाला टेकली तेव्हा एक बारीक खरखर झाली. किती तरी महिन्यांत तो आवाज या घरात झाला नव्हता. ‘श्री’ची वेलांटी सुरू झाली तिथं बरी होती, पुढे ती थरथरली, खाली घसरली आणि शेवटाकडे पुन्हा वर यायला धडपडली. बाकीची अक्षरं एकमेकांना टेकून उभी होती. आई, मुलगी, मी, कोणीही ‘छान’ म्हणालं नाही.

बाबांनी पाकीट लांब धरून पाहिलं. “देवीले चालते,” ते म्हणाले. “माणसं हसतीन. तू छापवून घे.”

मग टाक परत ठेवायचा होता. निब टोपणाच्या तोंडाशी गेली आणि हुकली. पितळेवर निळा ठिपका उमटला. पुन्हा हुकली. आईचा हात पुढे आला आणि तिनंच तो मागे घेऊन मांडीखाली दाबला. तिसऱ्यांदा ती आत गेली आणि आतून हलकंसं ‘टक्’ झालं.

“छापवून घे,” बाबा पुन्हा म्हणाले. “पण घरच्या तेवढ्या राहू दे माझ्यासाठी.”

घरच्या म्हणजे किती, ते मला विचारवेना. गठ्ठ्यापाशी हात नेऊन मी थांबले. फार ठेवल्या तर त्यांना धास्ती वाटेल. कमी ठेवल्या तर माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळेल, आणि त्यांना ते नेहमीच कळतं. शेवटी मी अख्खा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी डाव्या हातानं तो खेळायच्या पत्त्यांसारखा मधे तोडला, मोठा भाग माझ्याकडे सरकवला, लहान भागावर उजवा हात आणून ठेवला.

“एवढ्या,” ते म्हणाले.